सवलत एकदाच मिळते, असं सर म्हणाले

मुलुंडच्या एका लॉ क्लासच्या सरांनी मला फसवलं. वकिलीच्या प्रवेश परीक्षेला तुला परत बसता येणार नाही, तसा नियम आहे, असं त्यांनी मला सांगितलं. असा नियम नव्हता. कधीच नव्हता. मी तो खरा मानला आणि माझी वर्षं गेली.

सरांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना कळेल.

त्या दिवशी क्लासमध्ये पेढ्यांचा दिवस होता. निकाल लागला की सर दरवर्षी हा कार्यक्रम ठेवायचे. स्टेशनजवळच्या शॉपिंग सेंटरमध्ये पहिल्या मजल्यावर क्लास होता. बाकडी भिंतीला लावायची, खुर्च्या मांडायच्या, पालकांना बोलवायचं. सर माईक घेऊन एकेकाचं नाव घ्यायचे. पास झालेल्याने उठायचं, टाळ्या घ्यायच्या, पेढा खायचा. राहिलेल्यानेही उठायचं. हा त्यांचा रिवाज होता. ते म्हणायचे, वकिलाला भर कोर्टात हार ऐकावी लागते, सवय आत्तापासून करा. राहिलेल्याने पुढे काय करायचं, ते सर स्वतः माईकवर सांगायचे.

माझ्या आधी मृणाल उठली. माझ्याहून खूप लहान, कॉलेज नुकतंच संपलेली, गव्हाणपाड्यातल्या सोसायटीतली. तिचे वडील बँकेत. तिचे गुण फारच कमी होते, माझ्याहूनही कमी. सर हसले. म्हणाले, आमची मृणाल जरा घाबरली होती, काही नाही, पुढच्या वर्षी परत बसेल. तिच्या वडिलांनी मान हलवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग माझं नाव. मी उठले. आई शेजारी बसली होती, नवी साडी नेसून.

सरांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. म्हणाले, "हिचं आता झालं. तुमच्या लोकांना सवलत एकदाच मिळते. ती हिने वापरली, परत बसता येत नाही, नियमच आहे. आता हिने आपला दरवाजे-खिडक्यांचा धंदा नीट करावा. घासाघीस तर रक्तातच आहे."

लोक हसले. वाईट हसले नाहीत. चांगल्या घरातली माणसं कार्यक्रमात हसतात तसं हसले. मीसुद्धा हसले. ते मला पक्कं आठवतं. मी हसून खाली बसले आणि पेढा खाल्ला.

मला राग पटकन येतो. भांडुपच्या रस्त्यावर विचारा कुणालाही. माझ्या गाळ्यावर खोटं बोललेला माणूस परत पायरी चढत नाही. पण त्या दिवशी राग आला नाही. काहीच आलं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तशी मी सगळीच झाले होते.

माझा धंदा तोडकामाच्या मालाचा. उपनगरात जिकडेतिकडे जुन्या इमारती पाडतात. पाडायच्या आधी घरातले सागवानी दरवाजे, चौकटी, ग्रिल, बेसिन, कडप्प्याचे ओटे काढून विकतात. मी ते घेते आणि विकते. सुरुवात एका हातगाडीवर केली, आता गाळा आहे, टेम्पो आहे. हे सगळं मी भाव करून मिळवलं. दरवाजाला बोटाने ठोकलं की आत वाळवी आहे की नाही ते मला कळतं. माणसाने किंमत सांगताना कुठे पाहिलं, त्यावरून तो किती खाली येईल तेही कळतं. पहिला भाव मी जन्मात कधी मानला नाही.

मग वकिलीचं डोक्यात कसं आलं? भांडुपच्या टेकडीवर आमची झोपडपट्टी, तिथे पुनर्वसनाची सभा झाली. बिल्डरचा वकील आला होता. करारातली कलमं त्याने इंग्रजीत वाचली आणि सह्या करा म्हणाला. मी उठून विचारू लागले, घर किती फुटांचं, भाडं कधीपर्यंत देणार, लिफ्टचा खर्च कोणाचा. सगळी वस्ती माझ्या मागे होती. तो शांतपणे म्हणाला, "ताई, हा बाजार नाही. इथे भाव होत नाही, इथे नियम असतात." आणि सभा गप्प झाली. मीही. घरी आले तर समोर भिंतीवर फोटो. आमच्या घरात ज्या फोटोपुढे मेणबत्ती लावतात, तो माणूस वकील होता. लहानपणापासून पाहिलेला फोटो, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हे जमलं पाहिजे.

मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं होतं. वयाची अट नाही असं कळलं. क्लास लावला. दिवसा गाळा, संध्याकाळी क्लास. मुलं मला ताई म्हणायची. सरांनी पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, अरे वा, मग तुम्हाला सोपं आहे. पुढे एकदा त्यांना केबिनला दरवाजा हवा होता, तो मी आणून दिला. त्यांनी मला शेजारच्या दुकानदाराशी लाद्यांचा भाव करायलाही पाठवलं. मी आनंदाने गेले. सरांनी काम सांगितलं म्हणून.

परीक्षेत इंग्रजीने मारलं. कायद्याचे प्रश्न जमले, इंग्रजीचे उतारे वाचता वाचता वेळ गेला. गुण कमी पडले ते माझे. त्याबद्दल माझी कुणाशी तक्रार नाही.

पेढ्यांच्या दिवसानंतर मी पुस्तकं माळ्यावर टाकली. वस्तीत आईने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बायका नळावर तिला विचारायच्या, काय मावशी, वकीलीणबाई कुठवर आल्या? आई म्हणायची, नियमात बसत नाही. तिनेही तो शब्द तसाच उचलला होता.

मी धंदा वाढवला. घाटकोपर, बोरिवली, अंधेरी, जिथे इमारत पडणार तिथे मी. लोक म्हणायचे, बाई झकास चाललंय तुझं. चाललंच होतं. टेकडीच्या करारावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. माझीही झाली. मी एकही प्रश्न विचारला नाही.

मग गव्हाणपाड्यात एक सोसायटी रिकामी व्हायची होती. मी माल बघायला गेले. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते मृणालने. तिने लगेच ओळखलं. ताई म्हणून आत घेतलं. घरातलं सामान अर्धं बांधलेलं, भिंतीवर कपाटांच्या जागा पांढऱ्या. तिची आई दरवाज्याच्या किमतीला चिकटून बसली होती, बर्मा टीक आहे, सासऱ्यांनी करून घेतलाय. मी नेहमीसारखी ठोकून बघत होते. मृणालने चहा आणला. मी विचारलं, काय करतेस हल्ली. म्हणाली, वकिली. कोर्टात जाते.

मी म्हणाले, छान. दुसऱ्या वेळी पास झालीस म्हणजे.

ती हसली. "कसलं ताई, तिसऱ्या वेळी. दुसऱ्यांदा पण वाट लागली होती. मी सोडूनच देणार होते. सरांनीच घरी येऊन फॉर्म भरायला लावला. म्हणाले, कितीही वेळा दे, कोण अडवतंय." मग तिने विचारलं, "तुम्ही का नाही दिलीत परत?"

मी म्हणाले, "आमच्यात एकदाच असतं ना."

"आमच्यात म्हणजे?"

मी दरवाज्याकडे बघू लागले. तिला थोड्या वेळाने कळलं. तिने कप खाली ठेवला. हळू आवाजात म्हणाली, "ताई, असा नियमच नाही. कुणालाच नाही. ते सरांनी पेढ्यांच्या दिवशी सांगितलेलं तुम्ही खरं धरलंत?"

म्हणजे तिलाही ते आठवत होतं. तिला वाटलं होतं की सर गंमत करतायत.

तिच्या आईने दरवाज्याचा भाव परत सांगितला. मी हो म्हणाले. पहिल्या भावाला. माझा टेम्पोवाला दारात उभा होता, तो माझ्याकडे बघतच राहिला. जिना उतरताना त्याने विचारलं, बरं नाही का वाटत? मी सांगितलं, माल उचल.

टेम्पोत बसून मी मोबाइलवर परीक्षेची माहिती काढली. कुठे शोधावं लागलं नाही. सगळं उघड्यावर होतं, कुणालाही वाचता येईल असं. पदवी हवी, इतके टक्के हवेत. किती वेळा बसायचं, यावर मर्यादा नाही. सवलत कुठे आहे? टक्क्यांच्या अटीत आहे, जागांत आहे, फीमध्ये आहे. ती एकदा वापरली की संपते, असं कुठेही नाही. मी परत परत वाचलं. वाचून रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. म्हणाली, "तू एका बिजागरीसाठी दहा दुकानं फिरतेस. आणि या माणसाचं एका शब्दात घेऊन आलीस?"

याचं उत्तर मी अजून शोधते आहे. थोडं सापडलं आहे, ते लिहिते.

शाळेत असताना शिष्यवृत्ती यायची. क्लार्क वर्गात येऊन सवलतवाले उभे राहा म्हणायचा. आम्ही उभे राहायचो. बाकीची मुलं बघायची. पैसे घेऊन बसताना बाई म्हणायच्या, जपून वापरा, फुकट मिळालेलं आहे. अकरावी-बारावीला कॉलेजच्या फीच्या खिडकीवर तेच. नोकरीच्या अर्जात तेच. 'सवलत' हा शब्द आला की माझी मान आपोआप खाली जाते. हा शब्द उच्चारणारा माणूस देणारा आणि मी घेणारी. दाराचा, लादीचा, टेम्पोच्या फेरीचा भाव मी करते, पण देणाऱ्याशी भाव कसा करणार? त्याने संपलं म्हटलं की हात मागे घ्यायचा, एवढंच मला शिकवलं होतं. सरांना हे ठाऊक होतं. मृणालला त्यांनी हाच नियम सांगितला असता तर तिच्या वडिलांनी तिथल्या तिथे विचारलं असतं, कुठे लिहिलंय, दाखवा. मला सांगितलं तेव्हा कुणीच विचारलं नाही. मीही नाही. आम्हाला वेगळा नियम असणार, हे त्या खोलीत सगळ्यांना पटलं. मलासुद्धा पटलं. मृणालला परत बस आणि मला उठ, हे मी एकाच संध्याकाळी, एकाच माईकवरून ऐकलं होतं.

त्या वर्षीचा पेढ्यांचा दिवस आला तेव्हा मी मृणालला फोन केला. म्हटलं, तू होतीस तिथे, माझ्याबरोबर चल, फक्त ऐकलं होतं एवढं सांग. ती म्हणाली, ताई, तुमचं खरं आहे, पण सरांचे माझ्यावर उपकार आहेत, मला यात ओढू नका. मी बरं म्हणाले. तिचाही राग आला नाही.

आई यायला तयार होती. मी तिला आणलं नाही.

मी एकटी गेले आणि मागे बसले. खुर्च्या, माईक, पेढे, सगळं तसंच. सर जाडे झाले होते. राहिलेल्यांची नावं सुरू व्हायच्या आधी मी उठले. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी म्हणाले, "सर, याच माईकवरून तुम्ही मला सांगितलं होतं की आमच्या लोकांना ही परीक्षा एकदाच देता येते. हा नियम कुठला?"

आवाज चढवला नाही मी. गाळ्यावर असते तर अर्ध्या रस्त्याला ऐकू गेलं असतं. तिथे आवाज नेहमीसारखा आला, भाव विचारावा तसा.

सरांनी आधी ओळखलं नाही. मग ओळखलं. म्हणाले, अगं तू, ये ना, आत केबिनमध्ये बसून बोलू.

मी म्हणाले, इथेच बोला.

एक पालक मागे वळून म्हणाले, ताई, आज मुलांचा दिवस आहे, आज नको. मी त्यांना म्हटलं, त्या दिवशी माझाही दिवस होता. ते पुढे वळून बसले.

सर हसत होते. माईक बाजूला धरून म्हणाले, की मी तुझ्या भल्याचंच बोललो. तुझं वय, तुझं इंग्रजी, तुझा धंदा. तू परत पडली असतीस. मी तुझं दुःख वाचवलं. मी विचारलं, माझ्याहून कमी गुण असलेल्या मुलीचं का नाही वाचवलंत? त्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आणि मग, मी गिऱ्हाईक ओळखते, त्यांचे डोळे खाली आले. ते भाव करायला लागले. म्हणाले, "बरं बाई, चुकलं असेल माझं. ये पुढच्या बॅचला. फी नको. तुला पूर्ण सवलत देतो. झालं?"

आयुष्यभर मी याच क्षणासाठी उभी असते. समोरचा खाली येतो तो क्षण. तिथे एक पाऊल आणखी रेटायचं आणि सौदा पक्का करायचा. मला ते करता आलं असतं. फी माफ, पुस्तकं फुकट, वर जाहीर माफी, सगळं काढून घेता आलं असतं.

मी म्हणाले, "सवलत मागायला आलेच नाही सर. तुम्ही उत्तर द्या."

त्यांनी दिलं नाही. कुणीतरी पुढच्या मुलाचं नाव घेतलं, टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या टाळ्यांत मी बाहेर आले. कुणी मला धक्का मारला नाही, कुणी हात धरला नाही. चांगल्या घरातली माणसं तसं करत नाहीत.

जिन्यात मागून चपलांचा आवाज आला. एक बाई खाली उतरत होती. माझ्याच वयाची, खांद्याला ऑफिसची पर्स. हातात पेढा तसाच. ती मला गाठून एकदम विचारू लागली, ते खरं आहे का, की परत बसता येतं? मी म्हटलं, येतं, कितीही वेळा. तिने आजूबाजूला पाहिलं. म्हणाली, माझी मुलगी आत बसलीय. तिचे गुण कमी आले. सरांनी काल केबिनमध्ये बोलावून सांगितलं, तुमची सवलत संपली.

तिने विचारलं, "आम्ही काय करायचं हो ताई?"

मी तिला सांगितलं, वर जा, मुलीला घेऊन या, आणि नाव घेतलं तर उठू देऊ नका. ती गेली. मी खाली थांबले. त्या दोघी आल्या. मुलगी रडत नव्हती. तिचा चेहरा पाहून मला माझा चेहरा कसा दिसला असेल ते कळलं. शॉपिंग सेंटरच्या दारात उभं राहून मी तिला मोबाइलवरचे नियम वाचून दाखवले. मग मोबाइल तिच्या हातात दिला आणि म्हटलं, आता तू वाच.

तिथे मला राग आला. उशिरा आला, पण आला, आणि अजून गेलेला नाही.

माझं एकटीचं असतं तर कदाचित सोडून दिलं असतं. एका माणसाने एका बाईला एकदा हिणवलं, म्हणून विसरले असते. पण हे एकदाचं नाही. हा त्यांचा धंदा आहे. जी मुलं आणखी एक वर्ष क्लासमध्ये राहून क्लासच्या पाटीवर लिहिलेला निकालाचा टक्का खाली आणतील असं त्यांना वाटतं, त्यांना ते बाहेर काढतात. आणि त्यातही आधी त्यांनाच, ज्यांच्या घरातून कुणी 'दाखवा' म्हणणार नाही असं त्यांना पक्कं माहीत असतं. त्यासाठी सवलत हा शब्द वापरतात. फुकट मिळालेली गोष्ट म्हणून आम्ही मान खाली घालू, हे धरून चालतात.

मी परीक्षेला परत बसले आहे. इंग्रजीसाठी रोज पहाटे वाचत होते, आई दिवा लावून द्यायची. निकाल लागायचा आहे. पास झाले तर वकील होईन, नाही झाले तर परत बसेन, नियम तेवढी मुभा देतो. त्याचा आणि या लिहिण्याचा संबंध नाही. मी पास झाल्याने सरांचं खोटं पुसलं जात नाही आणि माझी वर्षं परत येत नाहीत.

सर, तुमची फी माफी तुमच्याकडे ठेवा. केबिनमध्ये मी येणार नाही, घरी भेटणार नाही, मधल्या माणसाकडून निरोप घेणार नाही. तुम्ही माईकवर बोलला होतात, भरल्या खोलीत, माझ्या आईसमोर. उत्तरही तिथेच द्यायचं. हा नियम कुणी केला? तुम्हाला तो सांगायचा अधिकार कुणी दिला? आणि आजवर आणखी कुणाकुणाला सांगितलात? एकेकाचं नाव घेऊन सांगा. ते बसलेले असतील, आणि या वेळी उभं तुम्ही राहायचं.